दापोडीचा बंद क्लास

सोम., ३ नोव्हेंबर
दापोडीला परत कुलूप. दोन्ही वेळा तेच. वर पाटी आहे, 'मशीन डिझाइन ट्रेनिंग', खाली मोबाइल नंबर. रिंग जाते, उचलत नाही कोणी. खालचा टायरवाला म्हणाला, "आहेत की. पोरं येतात-जातात रोज." मग कुलूप कसलं?
नंतर कासारवाडीचा इंग्लिश स्पीकिंगवाला सर. चहा पाजला, पोरं किती ते सांगितलं, फी विचारली तर हसला. "मॅडम, तुम्ही इन्कम टॅक्सच्या नाही कशावरून?" रोजचं सगळं म्हटलं. सरकारी सर्व्हे आहे, खासगी क्लासेस नि ट्रेनिंगवाल्यांची उलाढाल, कामावरची माणसं, एवढंच. सगळ्यांची बेरीज होते, तुमचं नाव कुठे येत नाही, माहिती गोपनीय. इतकं तोंडपाठ झालंय की भाजी घेतानाही निघेल.
जाधव सर (सुपरवायझर) फोनवर: "दापोडी बंद म्हणून टाकायचं नाही. पाटी आहे म्हणजे धंदा आहे. मालकाच्या घरचा पत्ता आहे ना यादीत? घरी जा." पत्ता पिंपळे सौदागरचा. दोन बस बदला.

गुरु., ६ नोव्हें.
काय करून बसले.
मोठी सोसायटी, गेटवर सही, लिफ्ट. दार एका म्हाताऱ्या बाबांनी उघडलं. पांढरी टोपी, हातात लसणाची पाकळी, निवडत बसले असणार. मालकाचं नाव सचिन. हे त्याचे वडील, चाकणजवळच्या गावचे. पाणी दिलं.
"सचिन कंपनीत गेलाय. चाकनला. जनरल शिफ्ट हाय त्याची."
मी म्हटलं, नाही बाबा, त्यांच्या क्लासबद्दल विचारायचंय, दापोडीच्या.
"कुनाचा किलास?"
इथे थांबायला हवं होतं. पण दोन बस बदलून आलेली, डोकं तापलेलं, टॅबलेट उघडलेला. वाचूनच दाखवलं. सचिनचं नाव, प्रशिक्षण केंद्र, सुरू होऊन वर्ष झालं.
बाबा खाली बसले. बराच वेळ लसूण चोळत राहिले. मग म्हणाले, "रोज मीच त्याला बाटली भरून देतो. कंपनीतलं पानी खारं लागतंय म्हनतो."
मी काहीतरी बोलले, चुकून दुसरा सचिन असेल वगैरे. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. निघताना नियमाप्रमाणे माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी टेबलावर ठेवली. ती तरी कशाला ठेवली.

शुक्र., ७ नोव्हें.
सकाळीच सचिनचा फोन. आता बरा फोन करायला वेळ मिळाला.
"मॅडम, तुम्ही घरी का गेलात?" ओरडला नाही. ओरडला असता तर बरं.
"तुम्ही दार उघडलं नाही..."
"मी आतच होतो. मागच्या दाराने येतो-जातो. महापालिकेची माणसं वाटली मला." मग, "माहिती गोपनीय असं तुमच्या पत्रकावरच छापलंय ना?"
सॉरी म्हटलं. त्याने ठेवून दिला.
तक्रार केली तर माझं कंत्राट संपलं. जाधव सरांना अजून सांगितलेलं नाही. आज निगडीच्या दोन क्लासचा सर्व्हे करायचा होता, एका दारात उभी राहून माहिती गोपनीय म्हणायला तोंड उघडलं आणि खोकलाच आला.

रवि., ९ नोव्हें.
विलासला (नवरा, तोही चाकणलाच, असेंब्ली लाइनवर) सांगितलं. म्हणाला, "तू खोटं बोललीस का? नाही ना? मग झालं." आणि टीव्ही लावला. जरा वेळाने आपणहून म्हणाला, "माणूस लाजतो गं. कंपनीने काढलं हे घरात कसं सांगणार."
हे त्याला का सुचलं?
तो अंघोळीला गेल्यावर त्याचं ओळखपत्र बॅगेत आहे का बघितलं. आहे. आहे, पण असायचंच की. त्याने पाहिलं नाही. माझीच मला लाज. तरी दिवसभर डोक्यात तेच, परवा हा किती वाजता आला, ओव्हरटाइम म्हणाला तो खरंच...
कपडे दोनदा धुतले. एकदा धुतलेलेच.

मंगळ., ११ नोव्हें.
दापोडी. या वेळी मागच्या दाराने गेले. सचिन चाळिशीच्या आतला, दाढी वाढलेली. एक खोली, जुने कॉम्प्युटर, डिप्लोमाची पोरं स्क्रीनवर गिअर काढत बसलेली. मला वाटलं हाकलणार. खुर्ची दिली.
"विचारा. आता काय राहिलंय लपवायचं."
भाडं, वीजबिल, फी, सगळं न अडखळता दिलं. कामावर माणसं किती? "एक. मी." हे सांगताना पहिल्यांदा थोडा ताठ बसला. शिकवतो छान. मधेच एका पोरीच्या स्क्रीनकडे बघून म्हणाला, "दाते मोज परत," आणि ती खरंच चुकली होती.
बाबा? त्याच दिवशी गावी निघून गेले. "मी सगळं सांगितलं, तर व्हय म्हणाले आणि पिशवी भरली."
तक्रारीचं मी विचारलं नाही. त्यानेही काढलं नाही.
दापोडीचं युनिट यादीत पूर्ण. जाधव सरांचा अंगठा आला मोबाइलवर.

शुक्र., १४ नोव्हें.
दुपारी अनोळखी नंबर. टेबलावरची ती चिठ्ठी बाबांनी नेली होती. "ताई, मी सचिनचा बा. त्यो किलास कुटं हाय?"
म्हटलं, बाबा, मला सांगता येत नाही, मागे बोलले तेच चुकलं माझं. तुम्ही सचिनला विचारा.
"त्याला इचारता आलं आसतं तर तुमाला कशाला इचारलं आसतं?"
मागून रेल्वेची घोषणा ऐकू आली. कुठे आहात? "दापोडीत. लई येळ फिरतोय. हितं गल्लीगल्लीला किलास हायती."
मी कासारवाडीत होते, एकच स्टेशन. हातातलं काम तसंच टाकून गेले. बाबा फलाटाच्या बाकावर, चपला काढून, पाय वर घेऊन. मला बघून हसले वगैरे नाहीत. सरकून जागा दिली.
पत्ता नाही दिला मी. जिभेवर होता. बाजूला जाऊन सचिनला फोन लावला. "बाबा दापोडी स्टेशनवर आहेत. मी काही सांगितलेलं नाही." पलीकडे पोरांचा आवाज, माउसची टिकटिक. मग म्हणाला, "क्लास चालू आहे," आणि कट.
"काय म्हनला?"
"क्लास चालू आहे म्हणाले."
"कदी सुटतो?"
एवढं तरी सांगते म्हटलं. सातला.
"मंग बसतो."
एकदा म्हणाले, "पोरं येत्यात का त्याच्याकडं?" येतात म्हटलं. "ऐकत्यात?" ऐकतात. त्यावर मान हलवली. माझी गाडी आली, गेली. दुसरीही जाऊ दिली. विलासचा मेसेज, कुठे आहेस. उत्तर दिलं नाही.
सातनंतर बाबांनी चपला घातल्या, टोपी काढून झटकली, परत घातली. पुलाकडून सॅकवाल्या पोरांचा घोळका फलाटावर येत होता, दाते चुकलेली ती पोरगीही त्यात. त्यांच्यामागे कुणी मोठा माणूस होता की नाही, नक्की सांगता येत नाही. तेवढ्यात माझी गाडी लागली आणि मी चढले.