चौदा नंबरचा माग

म्हैसूर,
गुरुवार, ता. १८ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप रणोजीअण्णास,
धाकटी बहीण सोयरा हिचा साष्टांग नमस्कार.

इकडं सगळं क्षेम. दावणगेऱ्यात तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, असं वहिनीनं फोनवर सांगितलं. हे पत्र तिच्याकडून वाचून घेऊ नकोस. पट्टी निघाली की स्वतः वाच.

गेल्या रविवारी माझी दीपश्री मला हेब्बाळच्या आपल्या गिरणीत घेऊन गेली. दचकू नकोस. गिरणीचं आता चित्रांचं, नाटकांचं ठिकाण झालंय. पोरीची कंप्युटर कंपनी तिथंच जवळ, ती नेहमी जाते म्हणे. रंगखात्यात नाच शिकवतात. बॉयलरच्या खोलीत कॉफी मिळते, आणि चांगली मिळते, खोटं कशाला बोलू. संपात तू चार महिने सतरंजी टाकून बसला होतास त्या गेटवर मातीची भांडी विकायला ठेवलीत. मी रडले बिडले नाही. बंद गिरणीत उंदरं नाचण्यापेक्षा पोरी नाचलेल्या बऱ्या.

विणकाम खात्यात भिंतभर एक फोटो लावलाय. माझा. चौदा नंबरच्या मागाशी उभी, डोक्यावर पदर, मागाला झेंडूची माळ. खाली लिहिलेलं, 'कामात रमलेली अनामिक कामगार स्त्री, १९९८.' अण्णा, कामात रमलेली म्हणे. संप चालू होता तेव्हा. दीपश्री म्हणाली, "आई, ही तूच की." तिला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. मामा लांब राहतो म्हणून येत नाही, एवढंच मी तिला सांगत आले.

त्या दिवसाबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण अर्धं लिहून पाकीट चिकटवणं मला जमेना.

बारा वर्षांत एकदाही आयुधपूजेला माझा माग हळदकुंकवाविना राहिला नव्हता. मॅनेजरचा निरोप आला, पूजेपुरतं या, विजेचा मेन चालू ठेवतो. पुढच्या गेटवर तू, म्हणून मी मागच्या दारानं गेले. फोटोवाला आणलाय हे त्यानं सांगितलं नव्हतं. माळ घातली, कोहळा फोडला. चुरमुरे आणले होते, वाटायला कोणी नव्हतं. पूजा झाली की माग एकदा चालवायचा, ही रीत पहिल्या वर्षी तूच मला शिकवलीस. खडखडाट गेटपर्यंत आला आणि तुम्हाला वाटलं, आत काम सुरू झालं. दुसऱ्या दिवशी हाच फोटो पेपरात, 'कामगार परतले' म्हणून. दसरा उलटताच तीस-चाळीस जण खरंच आत गेले. आठवड्यात संप मोडला, तुला काढून टाकलं, तू म्हैसूर सोडलंस.

तेव्हा आईच्या गळ्याची शपथ घेऊन मी तुला सांगितलं, माग चालू करायचा दांडा मॅनेजरनं ओढला. तू मानलं नाहीस. बरोबर होतं तुझं. दांडा मीच ओढला.

खोटी शपथ घेतली त्याची माफी मागते. आई नाही, म्हणून तुझ्याकडं मागते. माग चालवला त्याची मागत नाही. चार महिने गप्प पडलेला माग हाताखाली चालला तेव्हा मला बरं वाटलं, हेही वाच. दोन मिनिटं चालला असेल. दोन मिनिटांच्या आवाजानं मोडतो तो संप आधीच पोखरलेला होता. लोकांच्या चुली थंड होत्या आणि तुझ्या तोंडावर बोलायची कोणाची छाती नव्हती. तुलाही ऐकायचं नव्हतं. खापर फोडायला बहिणीचं डोकं जवळ होतं. सत्तावीस वर्षं फोडलंस, आता पुरे.

तिथली व्यवस्था बघणारी सहना म्हणून एक मुलगी आहे. तिला बोलावून म्हटलं, फोटोखालचं हे पुसा. ती म्हणाली, "अज्जी, लोकांना हा फोटो फार आवडतो, पुढं उभं राहून सेल्फी घेतात."

"घेऊ देत की. पण खोट्यापुढं उभं राहून नको."

मग आल्या-गेल्या सगळ्यांपुढं मी सांगून टाकलं, मागच्या दारापासून दांड्यापर्यंत. दीपश्री पांढरीफटक पडली. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाली, "मामाला लिही."

सहना हळूच म्हणाली होती, "अज्जी, हे लिहिलं तर लोक तुम्हाला नावं ठेवतील." म्हटलं, ठेवू देत. अनामिक होण्यापेक्षा नावं ठेवलेली परवडली.

काल नवी पाटी लागली. 'सोयराबाई, माग नंबर चौदा. संप चालू असताना हिनं आयुधपूजा करून स्वतःच्या हातानं माग चालवला. त्यानंतर संप मोडला.' एक अक्षर मी सौम्य करू दिलं नाही.

सहनानं विचारलं, संप कोणी चालवला, त्यांचंही नाव घालू. तुझं नाव अगदी ओठावर आलं होतं, गिळलं. एकदा तुला न विचारता केलं तेवढं बस झालं. माझ्या नावाच्या वर एक ओळ मोकळी ठेवायला लावलीय. हो म्हण, नाही म्हण, नाहीतर स्वतः ये आणि त्या पाटीपुढं उभा राहून सांग की मी खोटं लिहिलं. ती ओळ तुझी आहे, तिचं काय करायचं ते तू बघ. माझी ओळ मी खोडणार नाही.

संपात माग चालवणारी,
तरीही तुझीच बहीण,
सोयरा