पाचवा

४ डिसेंबर २०२५, गुरुवार. दत्तजयंती
पूजेला बसणार तोच जिन्याखालून कुईं कुईं. गल्लीतली तांबडी कुत्री माझ्या स्कूटरमागे व्यालेली. पाच पिल्लं. आजच्या दिवशी हाकलणं बरं नव्हे. दत्तगुरूंच्या पायाशी कुत्री चारच असतात, तेव्हा चार समजू शकतो. पाचवं म्हणजे निव्वळ बेजबाबदारपणा! गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, राग आला की लिहून काढावा. काढला. उद्या सगळी बाहेर.

५ डिसेंबर
दाट धुकं. उद्या.

९ डिसेंबर
माझा ऑफिसचा स्वेटर पिल्लांखाली अंथरलेला. कांचनवर ओरडलो. ती म्हणाली, अहो, तुम्हीच तर टाकलात काल. टाकला असेल. रागात माणूस काहीही टाकतो.

२८ डिसेंबर
चौघं ठीक आहेत. पाचवा बुटका, एक कान पडलेला, माझ्या चपलेत डोकं घालून झोपतो. घरात सक्त ताकीद दिली आहे, नावं ठेवायची नाहीत. नाव ठेवलं की जीव गुंततो. त्याला नुसतं ‘पाचवा’ म्हणायचं.

११ जानेवारी, रविवार
पाचवा भुंकतच नाही! दूधवाल्या भैयाला बघून शेपूट हलवतो. मीटर बघायला आलेल्याचे पाय चाटले. अशा कुत्र्याला कोण घरात घेईल? उद्यापासून सकाळी सहाला ट्रेनिंग. अनोळखी माणसावर भुंकायचं, बस.

१६ जानेवारी
मी स्वतः भुंकून दाखवतो. त्याशिवाय त्याला कळणार कसं? शेजारच्या मिश्राजींनी भिंतीवरून विचारलं, भाईसाहब, तबीयत तो ठीक है? पाचवा त्यांच्यासमोर जाऊन उताणा पडला. नालायक.

१ फेब्रुवारी, रविवार
चौघं आज आपापल्या नव्या घरी गेली. सुटलो. तांबडी कुत्री दिवसभर जिन्याखाली हुंगत फिरली. मी जेवलो नाही. पोट बिघडलं होतं.

८ फेब्रुवारी
पाचव्यासाठी तीन घरं पाहिली. पंचवीस वर्षं रेल्वेचे रूळ तपासतोय, मला कोण फसवणार? आलमबागचा गृहस्थ म्हणाला, ब्रीड कौन सी है? नापास. दुसऱ्यांच्या बाल्कनीची जाळी सैल. नापास. तिसऱ्या बाई चांगल्या होत्या, पण जरा जास्तच. नापास. वेदिका म्हणाली, बाबा, बोल दो ना यार, आपको ही रखना है! पोरीला सुनावलं. मला हा नको आहे. नको म्हणजे नको.

१४ फेब्रुवारी, शनिवार
मी ड्यूटीवर असताना कांचनने पाचवा देऊन टाकला! महानगर कॉलनीत, आपल्या महाराष्ट्र मंडळातल्या चंद्रहासकडे. मला न विचारता! म्हणाली, अडीच महिने ‘मला नको’ ऐकतेय, शेवटी खरं मानलं. पंचवीस वर्षं संसार केला आणि नेमकं आज खरं मानलं!
असो. तो तिथे अन्नाला शिवणार नाही. दोन दिवसांत चंद्रहास हात जोडून परत आणेल.

१७ फेब्रुवारी
फोन नाही. शिकलेली माणसं चूक लवकर कबूल करत नाहीत.

२२ फेब्रुवारी, रविवार
शेवटी स्वतःच गेलो. पिशवीत त्याची चप्पल घेतली होती, परतीच्या वाटेवर लागली असती. चंद्रहास फाटकाशीच भेटला. म्हणाला, या रमाकांतराव, फार गुणी पिल्लू दिलंत हो, आठ दिवसांत कुणावर भुंकलं नाही. मी हाक मारली, पाचव्या!
धावत आला. दोन्ही कान उभे, पोट गरगरीत. मला हुंगलं. आणि भुंकला.
हेल्मेट काढलं. तरी भुंकला. पुढचे पाय रोवून, मान वर करून, थेट मी दाखवलं होतं तसा.
चंद्रहास बिचारा ओशाळला. म्हणाला, अनोळखी माणूस वाटला असेल. मी चहा घेतला नाही.
घरी कांचनने विचारलं, कसा आहे? म्हटलं, ट्रेनिंग पूर्ण झालं.
स्वेटर अजून जिन्याखालीच आहे. धुवायला टाकायला हवा. उद्या.