माशाला दिलेलं माझं नाव

पिपरी मेघे, वर्धा
१४ डिसेंबर २०२४

चि. रुचिका,

तुला तुझ्या माशांसकट आशीर्वाद.

आम्ही दोघं ठणठणीत आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण गच्चीवर वड्या घालायच्या म्हटलं की लगेच बरा होतो. पोर्ट ब्लेअरला थंडी नसते म्हणे; इथे मी स्वेटर चढवून लिहितोय.

तू शोधलेल्या माशाला माझं नाव दिलंस त्याला दोन वर्षं झाली, तरी शेजारच्या बंडूजींनी चौकात लावलेलं अभिनंदनाचं फ्लेक्स कोणी विसरत नाही. तुझ्या निळ्या समुद्री माशाऐवजी त्यावर बाजारातल्या रोहूचा फोटो! मी बोललो, तर म्हणाले, "मासा म्हंजे मासा, प्रभाकरराव. इथं कोनं समुद्र पाह्यला?" तेव्हापासून भाजीवालेही मला 'मासेवाले काका' म्हणतात. शुद्ध शाकाहारी माणसाची ही दशा. खरं सांगू, मला आवडतं.

आता मुद्द्याचं. परवा तू फोनवर आईला सांगितलंस ते तिच्या पोटात राहिलं नाही. तुझ्या टाकीतली पिवळी मादी तीन महिन्यांत बदलून निळा नर झाली. म्हणजे तुझा निळा मासा नवीन जात नाहीच. चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी नाव देऊन ठेवलेल्या पिवळ्याचाच तो नर. आधीचं नाव राहणार, माझं रद्द. आणि तसा लेख तयार असूनही पाच महिने तू तो दाबून ठेवलास. का, तर बाबांना वाईट वाटेल!

वाटलं. त्या दुपारी जेवण गेलं नाही. आई मात्र म्हणाली, "नाव गेलं तं गेलं. पोरगी फोनवर हसून नाई राह्यली, ते पाहा ना."

एक गोष्ट आहे, ती आईलाही ठाऊक नाही. मी जमिनीच्या नोंदी सांभाळायचो तेव्हाची. आष्टीकडच्या कौशल्याबाईंचं शेत माझ्या हातून चुकून दुसऱ्याच्याही नावावर चढलं. बाईंची नोंद आधीची होती. चूक मला आठवड्यातच कळली, पण साहेबांसमोर शोभा होईल म्हणून गप्प बसलो. बाई दोन वर्षं एसटीनं हेलपाटे घालत राहिल्या. शेवटी तपासणीत ती दुहेरी नोंद सापडली, दुरुस्ती झाली, तेव्हा त्या मलाच संत्र्यांची पिशवी देऊन गेल्या. "साहेब, तुमच्यानं झालं माह्यं काम." मी ती पिशवी घेतली, रुचिका. तुम्ही सगळ्यांनी ती संत्री खाल्ली. मला एक फोड गेली नाही.

तुझी चूक तूच शोधलीस, कोणी पकडली नाही. ती माझ्यासाठी झाकून ठेवू नकोस. तेवढं एक मला सोसणार नाही.

लेख पाठव. माझं नाव रद्द करणारं वाक्य आडवळणानं लिहू नकोस, सरळ लिही. मला जे एका ओळीत लिहिता आलं नाही, ते माझ्या लेकीनं लिहिलेलं वाचायचं आहे.

त्या ओळीची वाट पाहणारा,
तुझा बाबा