चपलेच्या रबराची वरात

८ जानेवारी २०१८, गंजाड

मिळाली! साठ पत्रिकांची ऑर्डर मिळाली!

डहाणूला दक्षाबेनच्या दुकानात मी वाढदिवसाची कार्डं ठेवते, तिथूनच आली. बोरिवलीचं लग्न आहे, हाताने केलेल्या पत्रिका हव्यात. दक्षाबेन म्हणाली, "तारपा नाच पायजे हां शितल, गोल. ने कलर एकदम हलका राखजे."

शिक्का कोरायला एवढं मोठं खोडरबर कुठून आणू? जीवनची जुनी चप्पल कापली. सोल मऊ आहे, ब्लेड छान चालतं. विचारतोय, एक कुठे गेली? म्हटलं, दुसरीही जपून ठेव.

११ जानेवारी

शिक्का झाला. सतरा नाचणारे, मधे तारपा फुंकणारा, बाजूला नवरा-नवरी. बोट कापलं.

१४ जानेवारी

दुसऱ्यांच्या लग्नाच्या पत्रिका करायच्या आणि आपलं राहिलेलं! सहा वर्षं जीवनबरोबर राहते. आमची रूपी पाचची झाली. घरात सगळे मानाने वागवतात, तक्रार नाही. पण मला हळद हवी. मांडव हवा. भिंतीवर लिहिलेला लग्नाचा चौक हवा. हवा म्हणजे हवा!

अडलंय आईपाशी. आई म्हणजे जीवनची आई, रखमी. सासू म्हणावं तर लग्न कुठे झालंय! तिचं आणि बाबांचंही राहूनच गेलंय. आणि घरची रीत अशी, की थोरल्यांचं लागल्याशिवाय धाकट्यांचं लागत नाही. एकाच मांडवात चालतं, पण आधी त्यांचं. बाबा कधीचे तयार आहेत. आई ऐकेल तर शपथ! काल पुन्हा विषय काढला. "मना लाज वाटते. नातीला मांडीवर घेऊन हळद लावू काय? लोकां हसतील." सूप उचललं आणि अंगणात गेली.

जीवन म्हणतो, बघू. त्याचं 'बघू' मला पाठ झालंय.

१९ जानेवारी

चाळीस कार्डं वाया. मी गाढव!

छापून खाटेवर वाळत घातली होती. बाबांनी एक उचललं. जन्मभर तारपा वाजवलेला माणूस – बराच वेळ बघत बसले. मग, "पोरी, हे उलटे नाचतात."

खरंच की! नाच जसा फिरतो तसाच मी कोरला, म्हणून छापल्यावर तो उलट्या अंगाने फिरला. शिक्क्यात सगळं उलटं कोरायचं असतं, हे मी रूपीला शिकवते! बोरिवलीला कुणाला कळलं नसतं. दक्षाबेनलाही नाही. पण बाबांनी बघितल्यावर देऊ कशी? "लग्नात असा कोन नाचत नाय," एवढंच म्हणाले आणि कार्ड अलगद खाली ठेवलं.

थोडी रडले. मग जीवनची दुसरी चप्पल घेतली.

२७ जानेवारी

आई रंगवायला बसली! वेळ उरला नव्हता, म्हणून मीच ब्रश हातात दिला. पहिल्या तीन कार्डांवर पाणी जास्त झालं, रंग पसरून नवरीचं तोंडच गेलं. मग हात बसला. माझ्यापेक्षा चांगला बसला, खरं सांगायचं तर.

"ही नवरी कोनाची?"

बोरिवलीची.

"वय काय तिचा?"

दक्षाबेन म्हणाली होती, बावन्न. आईचा ब्रश थांबला. "न लोकां हसत नाय?"

"हसायला नाही आई, जेवायला बोलावलंय त्यांना. पत्रिका पाठवून."

आईने त्या नवरीला पिवळा जरा जास्तच लावला.

४ फेब्रुवारी

ऑर्डर पोचवली. दक्षाबेन खूश.

एक कार्ड उरलं. त्यावर आई-बाबांची नावं घातली – हिरू आणि रखमी. तारीख नाही लिहिली, कुठली लिहिणार? आईला वाचून दाखवलं. तीनदा वाचायला लावलं. मग हातातून ओढून घेतलं. "कागूद वाया घालवतीस!" कुठे ठेवलं, सांगत नाही. रागावली असेल का? मी करायला नको होतं का? पण नावं छान दिसत होती, शेजारी शेजारी.

५ फेब्रुवारी

चुलीत बघितलं. राखच राख, काय कळणार!

११ फेब्रुवारी

आई सकाळपासून घरात नाही. ठेवणीतलं लुगडं नेसून गेली, असं शेजारची बायजी सांगते. बाबांनाही ठाऊक नाही. जीवन विचारतो, तू काही बोललीस का तिला? मी कशाला बोलू!

१२ फेब्रुवारी

विवळवेढ्याहून जीवनच्या मामाचा फोन. आई काल तिकडेच राहिली. गेल्या गेल्या भावाच्या हातात कार्ड ठेवलं आणि म्हणाली, महालक्ष्मीची जत्रा उठली की माझा लगीन आहे, सगळ्यांनी यायचं. तारीखही तिनेच ठरवली!

मामा विचारत होता, नवऱ्या दोन आहेत ना, मग लुगडी दोन आणू?

म्हटलं, आणा.