भोवऱ्याची रेघ

अब्बा, तुमच्या त्या रेकॉर्डवरची रेघ मी ओढली होती. हे एक वाक्य लिहायला मला साठ वर्षं लागली, तेव्हा निदान पहिल्याच ओळीत ते येऊ दे. नाहीतर मी नेहमीसारखी इकडचं तिकडचं सांगत बसेन आणि चहाची वेळ झाली म्हणून उठून जाईन. तुम्ही गेलात त्यालाही आता तीस वर्षं होऊन गेली. तुमची ही मुलगी पेठेतल्या शाळेत पोरांना ‘खोटं बोलू नका’ म्हणून दटावून दटावून निवृत्त झाली, आता गुडघ्यावर हात ठेवून जिना चढते, आणि बापाशी बोललेलं एक खोटं अजून पोटात घेऊन बसली आहे. मागच्या आठवड्यात ते पुन्हा वर आलं. म्हणून वही उघडली.

ती रेकॉर्ड घरात आली तो पावसाळ्याचा काळ होता. लग्नं संपलेली, बँडचे लाल कोट डांबरगोळ्या घालून पेटीत गेलेले, ट्रंपेट फडक्यात गुंडाळून खुंटीला. बाकीचे बँडवाले पावसाळ्यात मिळेल ते काम धरायचे. तुम्हीही दुपारपर्यंत मंडईतल्या वखारीत जायचात. पण संध्याकाळ तुमची स्वतःची असायची. वर्षभर लोक म्हणतील ते वाजवायचं आणि हे तीन महिने आपल्याला आवडतं ते ऐकायचं, असा तुमचा हिशेब. सिनेमाच्या स्टुडिओत ट्रंपेट वाजवणारा तो गोव्याचा म्हातारा तुमचा दोस्त. स्टुडिओ बंद पडला आणि तो गाव सोडून निघाला तेव्हा आपल्या दारात भिजत उभा होता. स्वतःच्या पांढऱ्या शर्टात गुंडाळलेली ती रेकॉर्ड त्याने तुमच्या हातात दिली. “मास्टर, ये सुनो. हमारा लाइफ में इतना अच्छा ट्रंपेट नहीं सुना,” म्हणाला. आईने त्याला खिमा-पाव खायला घातला. खाताना तो रडला आणि तुम्ही छताकडे बघत बसलात.

नेमकी तेव्हा आपल्या फोनोची, त्या किल्लीच्या ग्रामोफोनची, स्प्रिंग तुटली होती. फोनो घड्याळजीकडे, आणि घड्याळजीला आधी गावातली सगळी घड्याळं दुरुस्त करायची होती. पंधरा दिवस तुम्ही रोज कामावरून आल्यावर शर्टातून रेकॉर्ड काढायचात, दिव्याखाली धरून तिच्या बारीक रेषा बघायचात आणि परत कपाटावर ठेवायचात. मी हात पुढे केला की ओरडायचात, “बोट लावायचं न्हाय! घाम खातो रेकॉर्ड.” मला त्या काळ्या तबकडीत काय आहे ते कळेपर्यंत जेवण गोड लागेना. मी तेव्हा नऊ वर्षांची, आणि अक्कल स्वतःची होती. मी विचार केला, फोनोत रेकॉर्ड फिरते आणि सुई जागच्या जागी असते. मग रेकॉर्ड जागच्या जागी ठेवून सुईच फिरवली तर? आणि फिरणारी सुई आपल्या घरात होती. दादाच्या भोवऱ्याची लोखंडी आर.

एका दुपारी आई शेजारी गेली तशी मी स्टूल लावून रेकॉर्ड उतरवली, जमिनीवर ठेवली, भोवऱ्याला दोरी गुंडाळली आणि सोडला. खरं सांगते अब्बा, तो गुणगुणला. मी कान खाली नेला आणि मला वाटलं आता ट्रंपेट सुरू होणार. तेवढ्यात भोवरा तिरपा झाला, आर खरडत गेली आणि तो उडून कॉटखाली पडला. रेकॉर्डवर माझ्या बोटाच्या पेराएवढी पांढरी रेघ उमटली होती. मी ती फ्रॉकने पुसली, थुंकी लावून पुसली आणि शेवटी खोबरेल तेलाची बाटली घेतली. तेल लावल्याबरोबर रेघ दिसेनाशी झाली. मी सगळी रेकॉर्ड तेलाने पुसून चकचकीत केली आणि शर्टात गुंडाळून वर ठेवली. फोनो घरी आला त्या दिवशी तुम्ही ती उघडली, वास घेतला आणि आईला म्हणालात, “म्हाताऱ्यानं तेल लावून ठेवलीया बघ. किती जपलंय त्येनं.” मी दारामागे उभी होते.

पहिल्यांदा रेकॉर्ड लागली तेव्हाचं मला सगळं आठवतं. किल्ली द्यायचं काम माझं. पिन टेकली, भजी तळताना होते तशी चरचर झाली, आणि त्या चरचरीतून ट्रंपेट वर आलं. आपल्या वरातीतलं ट्रंपेट लोकांना हाका मारतं; हे आपल्याशीच बोलत होतं, मध्येच हसत होतं, बोलता बोलता थांबून पुन्हा सुरू करत होतं. तुम्ही मला पुढ्यात बसवून घेतलं होतं. तुमचा उजवा हात माझ्या खांद्यावर आणि तुमची तीन बोटं ट्रंपेटची तीन बटणं दाबावीत तशी खांद्यावर नाचत होती. तुम्ही शोधत होतात, तो माणूस कुठलं बटण दाबतोय ते. मग ती रेघ आली. टक् झालं आणि सूर चढता चढता एकदम पुढच्याच जागी जाऊन उतरला. तुमची बोटं थांबली. तुम्ही उठलात, पिन मागे ठेवलीत, पुन्हा ऐकलंत, पुन्हा ऐकलंत. मला वाटलं आता मार बसणार. तुम्ही वळलात तर डोळे भरलेले. “ऐकलीस? चार मात्रा गाळल्या गड्यानं! आणि मागची सगळी वाजवणारी त्येच्यासंगं उडाली, एक बी मागं न्हाय ऱ्हायला. काय तयारी असंल!” तेव्हा सांगायला हवं होतं. पण तुम्ही इतके खूश होतात, आणि मी इतकी घाबरलेली, की दोन्ही गोष्टी एकाच बाजूला जमा झाल्या.

त्या पावसाळ्यात तुम्ही ती धून बसवलीत. पहाटे रंकाळ्यावर जाऊन एकट्याने, आणि मग सगळ्या बँडला घेऊन. ती उडी बसवताना बँडचा जीव मेटाकुटीला आला. ढोलवाला दर वेळी चार मात्रा मागे राहायचा आणि तुमच्या शिव्या खायचा. पण दिवाळीनंतर पहिल्या वरातीत ती वाजली आणि पेठ वेडी झाली. नवरदेवाच्या मित्रांनी तिथे खरोखर उड्या मारायला सुरुवात केली. पुढे पुढे लोक उडीची वाटच बघायचे, सुपारी द्यायला येणारे म्हणायचे, “मास्तर, उडी पायजे बरं का!” एकदा उडीला घोडा बुजला आणि नवरदेव मुंडावळ्यांसकट टोपल्यांच्या गाडीवर जाऊन पडला, तरी मुलाच्या बापाने तुम्हाला पुन्हा तीच वाजवायला लावली. मी खिडकीतून बघायचे, हसायचे. मला वाटायला लागलं होतं की माझं पाप धुतलं गेलं, उलट पुण्यच झालं.

मग मुंबईच्या हॉटेलातला तो बँडमास्टर आला. एका कारखानदाराच्या घरच्या लग्नाला पाहुणा म्हणून आलेला, त्याने तुम्हाला वरातीत ऐकलं आणि सकाळी लॉजवर बोलावलं. त्याला ट्रंपेटवाला हवा होता. आईने तुमच्या शर्टावर निखाऱ्याची इस्त्री दोनदा फिरवली. शाळेला सुट्टी होती म्हणून तुम्ही मला बरोबर घेतलंत, आणि येताना मिसळ खायचं ठरलं होतं. तुम्ही ती धून वाजवलीत. इतकी सुंदर मी कधी ऐकली नव्हती. त्या माणसाने डोळे मिटले होते. उडी आली तसे उघडले. “मास्टर, चार बीट किधर गया?” तुम्ही म्हणालात, रेकॉर्डवर असंच आहे. तो हसला, वाईट हसला नाही, पण हसला. म्हणाला, ही रेकॉर्ड मला पाठ आहे, असं कुठेच नाही. हात छान आहे, पण ज्याला मात्रा मोजता येत नाहीत त्याला मी ऑर्केस्ट्रात कसा बसवू? तुम्ही म्हणालात, “माझं कान खोटं न्हाईत.” ट्रंपेट पेटीत घातलंत, माझा हात धरलात आणि बाहेर पडलात. मिसळीचं दुकान लागलं, आपण पुढे गेलो. मीही आठवण केली नाही.

घरी आल्यावर तुम्ही मला किल्ली द्यायला लावलंत. तीनदा रेकॉर्ड ऐकलीत. मग मला समोर उभं केलंत. तुमचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता. बँडमधल्या पोरांना दरडावून बोलणारे तुम्ही माझ्याकडे असं बघत होतात की जणू मी मोठी आणि तुम्ही लहान. “बेटा, तुझं कान चांगलं हाईत. तू सांग. उडी हाय का न्हाय?” मी म्हणाले, “हाय, अब्बा.” “झालं तर मग,” तुम्ही म्हणालात आणि फोनोचं झाकण लावलंत. त्यानंतर मुंबईचं नाव आपल्या घरात कुणी काढलं नाही. तुम्ही शेवटपर्यंत लाल कोटात वाजवलंत, उन्हातान्हात, फुप्फुसं जाईपर्यंत. तिथे गेला असतात तर तुमचं काय झालं असतं, मला माहीत नाही. पण तुम्हाला जाता आलं असतं, आणि ते माझ्यामुळे हुकलं.

आता मागच्या आठवड्यातलं सांगते. तुमचा तो लाडका शागीर्द, ज्याला तुम्ही बँड सोपवलात, तो नातवाला घेऊन आला. पंचाहत्तरीचा झालाय, दात गेले म्हणून ट्रंपेट सुटलं, आता नातू वाजवतो. पोरगं हुशार आहे. त्याने मोबाइलवर ती मूळ धून शोधून काढली, आणि बँडमधली सगळी पोरं म्हणायला लागली की आपण आजवर चुकीचं वाजवतोय. पुढच्या महिन्यात पेठेत वरात आहे आणि त्यात ती ‘बरोबर’ वाजवायची असं त्यांनी ठरवलं. “आज्जी, मास्तर लई मोठं हुतं, खरं हितं मात्रा खाल्ल्याती त्येनी,” तो नम्रपणेच म्हणाला. शागीर्द त्याच्यावर ओरडला. “मास्तरांनी मात्रा खाल्ली म्हणतोय भाड्या! बाई, ती रेकॉर्ड तुमच्याकडं हाय न्हवं? दाखवा ह्येला.”

मी कपाट उघडलं. फोनो कधीच भंगारात गेला, पण रेकॉर्ड आहे, अजून त्याच शर्टात. पोराने ती खिडकीपाशी नेऊन तिरपी धरली आणि त्याला रेघ दिसली. तेल केव्हाच उडून गेलंय. त्याने नखाने चाचपली, पुन्हा मोबाइल लावला, मनात काहीतरी मोजलं. “आज्जी, हितं सुई उडत असणार. म्हंजे मास्तरांनी ऐकलं तसंच वाजवलंय की! एक मात्रा इकडची तिकडं न्हाय.” शागिर्दाने डोक्याला गुंडाळलेला टॉवेल काढून तोंडावर धरला आणि मोठ्याने रडला. पोरगं स्वतःच म्हणालं, मग आम्ही उडी घेऊनच वाजवणार, मास्तरांची म्हणून. आणि मग सहज विचारलं, “खरं ही रेघ पडली कशी?” मी म्हणाले, “आली तवापासनंच हाय ती.” तो गोव्याचा म्हातारा, ज्याने अंगातला शर्ट काढून द्यावा तशी ती आपल्याला दिली, त्याच्या माथी मी ते मारलं. आणि ते निघून गेल्यावर चहा टाकला.

पोराने जाताना ती मूळ धून माझ्या मोबाइलवर घालून दिली. रोज दुपारी ऐकते. चरचर नाही, किल्ली नाही, त्यामुळे जरा परकी वाटते, पण ट्रंपेट तेच. डोळे मिटले की तुमची तीन बोटं खांद्यावर येतात. कुठल्या सुराला कुठलं बोट, ते माझ्या खांद्याला अजून पाठ आहे. मग ती जागा येते आणि उडी येत नाही. तो माणूस तिथे हळूहळू वर चढतो, अगदी वर जाऊन थांबतो, आणि मग घरी परत यावं तसा खाली उतरतो. सगळ्या गाण्यात तेवढीच जागा सगळ्यात गोड आहे, अब्बा, आणि तेवढीच तुम्ही ऐकली नाहीत. त्या चार मात्रा खांदा नुसता थांबून राहतो. तिथली बोटं मला माहीत नाहीत.