बोटं बाहेर असलेलं पाऊल

नाशिकरोड,
१४ मार्च २००५

चि. दीपकला वाल्मीक काकांचा पोटभर आशीर्वाद.

पुण्याचं पाणी तुला मानवलं असेल आणि मेसवाला पोळ्या मोजून वाढत नसेल, अशी आशा आहे. इकडे माझी तब्येत ठीक (बीपी सोडून), झेरॉक्स मशीन ठीक (आवाज सोडून), आणि तुझी कुसामावशी आज आठ दिवस रुसून देवळ्याला माहेरी आहे. याला कारण, तू दिवाळीत दुकानातल्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी, फुकट मिळतं म्हणून टाकून गेलेलं ते लिनक्स.

पडद्याच्या वरच्या पट्टीत डावीकडे पायाचं चित्र असलेलं बटण होतं ना, ज्यातून सगळं उघडायचं? मी उघडत होतो, टायपिंग करत होतो, पाय कोणाचा याची कधी चौकशी केली नाही. मावशीने केली. पहिल्याच दिवशी तिने ते लक्ष्मीचं पाऊल ठरवून हळदीकुंकू लावलं (काच अजून पिवळी आहे). पुढे समोर दुसरं झेरॉक्स उघडलं, आपलं गिऱ्हाईक तिकडे वळलं, आणि तिच्या लक्षात आलं की पावलाची बोटं वर आहेत, म्हणजे पडद्याच्या बाहेर. लक्ष्मी घरातून निघाली आणि तुम्ही टायपिंग करत बसा, म्हणाली, आधी ते पाऊल आत वळवा. मी म्हटलं, अगं, बोटं चारच आहेत, मी मोजली. इथे माझं चुकलं. देवीच्या पायाची बोटं मोजणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता.

वाद मिटावा म्हणून मी पावलावर माऊसचं उजवं बटण दाबलं. यादी आली, तिच्यात काढून टाकायची सोय होती. काढलं. पाऊल गेलं आणि त्याच्यासोबत सगळं उघडायची वाटच गेली. मावशी एवढंच म्हणाली, "मी वळवा म्हटलं होतं. तुम्ही हाकललं." पिशवी भरली आणि देवळ्यावरून जाणाऱ्या सटाणा गाडीत बसली.

तेव्हापासून मी पट्टी दुरुस्त करतोय. पट्टीवर उजवं बटण दाबलं की जोडायच्या वस्तूंची एक लांबलचक यादी येते, तिच्यातून. घड्याळ मागितलं नव्हतं, तीन आली. मग एक मासा आला. आपल्या माळकरी घरात मासा! शेपटी हलवतो, दाबला की इंग्रजीत उपदेश करतो (बहुधा उपदेशच असावा). त्याला घालवायला गेलो तर दोन डोळे आले. माऊसचा बाण जिकडे नेतो तिकडे बघतात. घरात मी एकटा, आणि वर हे डोळे. असलं कोणाच्या कामाचं असतं रे? माझं डोकं पार चक्रावलंय. तरी पाऊल परत कसं आणायचं ते पत्राने सविस्तर कळव, फोनवर तू लय भराभर बोलतोस.

तुझा,
वाल्मीक काका

ता. क. पत्र टाकायचं चार दिवस राहून गेलं, आणि पाऊल मला परवाच सापडलं. त्याच जोडायच्या यादीत होतं, माशाच्या बरंच खाली. तेव्हा ते सविस्तर वगैरे राहू दे.

आणखी ता. क. पट्टी माऊसने धरून ओढली की खाली येते. आता पाऊल पडद्याच्या तळाशी आहे, म्हणजे बोटं आत. हे मावशीला तू फोन करून सांग. माझा फोन ती भावाला उचलायला लावते. आणि हे तू पुण्याहून केलंस असंच सांग, मी केलं म्हटलं तर ती पुन्हा बोटं तपासायला लावेल.

अगदी शेवटचं. गिऱ्हाईक समोरच्याकडे गेलं तर जाऊ दे. तिला म्हणावं, तू ये. मला घर खायला उठलंय.