गोदामात किती दिवसांचा माल होता

बाबा, तुम्ही गेल्याला बारा वर्षं झाली आणि मला अजून एकच विचारायचंय. त्या माणसाला तुम्ही नेमकं काय सांगितलंत?

संपाचा तिसरा आठवडा होता. अंबरनाथच्या कंपनीत तुम्ही डिस्पॅच बघायचात, ट्रॅक्टरच्या ब्रेकचा कुठला माल कुणाकडे जातो आणि गोदामात किती उरतो ते तुम्हाला तोंडपाठ. गेटवर बसलेल्या कामगारांच्या शिव्या खात तुम्ही रोज आत जायचात. सकाळी चहाबरोबर पेपरातले शेअरचे भाव बघायचात. आपल्या कंपनीचा उतरत होता आणि तसाच माल बनवणाऱ्या पुण्याकडच्या कंपनीचा चढत होता. मी विचारलं, "संप आपल्याकडे, मग त्यांचा भाव का वाढतो?" तुम्ही म्हणालात, "ट्रॅक्टरवाले काय आपल्यासाठी थांबणारेत? गोदाम रिकामं झालं की जातील तिकडे. बाजाराला ते आधीच दिसतं."

त्या रविवारी पुण्याच्या कंपनीतला तो माणूस बदलापूर गावातल्या आपल्या घरी येतो. हातात मिठाईचा खोका. आई आणि मी स्वयंपाकघरात वाल सोलत बसलोय. चहा घेऊन मी बाहेर जाते तेव्हा तो विचारत असतो, "म्हणजे अजून किती दिवस पुरेल?" मला बघून तुम्ही म्हणता, "चहा ठेव आणि आत जा." त्या आवाजात तुम्ही माझ्याशी कधीच बोलला नव्हतात. खोका आईनं शेजारी देऊन टाकला, का ते तिनं सांगितलं नाही. पुढच्याच आठवड्यात आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक पुण्याच्या कंपनीकडे गेलं. दोन महिन्यांनी संप मिटला, माणसं कामावर आली, पण ऑर्डरी काही परत आल्या नाहीत. वर्षभरात निम्मे लोक घरी बसले.

तुम्ही गेल्यावर कपाटात कागद सापडले. त्याच पुण्याच्या कंपनीचे शेअर, आईच्या नावावर, संपाच्या दिवसांत घेतलेले. आई म्हणाली, "त्यांनी सही कर म्हटलं, मी केली."

मला राहवेना. तेव्हाच्या युनियनचे पुढारी आता उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये जीन्सच्या वर्कशॉपवर देखरेख करतात असं कळलं, म्हणून गेले. शिलाई मशीनच्या आवाजात ते ओरडूनच बोलत होते. "तुझ्या बापानं संपात आमची अकरा मानसं तिकडं पुन्याच्या कंपनीत कामाला लावली. कोनाला बोलू नका म्हनाला."

"आणि त्या बदल्यात बाबांनी तिकडे काय दिलं?"

"ते आमी नाय इचारलं. घरात चूल पेटत व्हती. तू पन नको इचारू."

परत येताना थोडं बरं वाटलं. ते घरी पोचेपर्यंतच टिकलं. अकरा माणसांची कामं समजली, पण शेअर कशाला? की आधी शेअर घेतलेत, आणि मग मन खायला लागलं म्हणून अकरा जणांची सोय लावलीत? तुमचं प्रत्येक चांगलं वागणं मी तेव्हापासून उलटं करून बघते. माझ्या कॉलेजची फी भरलीत तेसुद्धा.

आता मीही अंबरनाथलाच, आनंदनगरच्या एका कंपनीत आहे, एचआरमध्ये. सोमवारी युनियनशी बोलणी फिसकटली. खोलीत सातच माणसं होतो आणि टिपणं मी घेत होते. संपाची नोटीस दुसऱ्या दिवशी बोर्डावर लागली. ती लागायच्या आत, जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात उभी राहून मी कंपनीचे माझ्याकडचे सगळे शेअर फोनवरून विकले. बुधवारी भाव कोसळला. टिफिन उघडताना कँटीनमधला एक जण म्हणाला, "मॅडम, तुमचे पण बुडाले ना?" मी हो म्हणाले.

हे मी कुणाला वाचून दाखवणार नाही, आईला तर नाहीच. विकताना तुमची आठवण आली असती तर बरं झालं असतं, बाबा. आली नाही. फक्त भाव अजून चांगला आहे एवढंच दिसलं.